स्वस्त बास गिटार: आधी पाना, मग पाकीट

हेडफोन लावलेत ना? नसतील तर आधी लावा, मी थांबते. आजचा विषय आहे बास गिटार. बासची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी वाजवली की साधारण 41 हर्ट्झवर वाजते. एवढा खालचा आवाज मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून नीट बाहेर पडतच नाही. तरी तो आपल्याला ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्या तारेचे वरचे स्वरांश स्पीकर वाजवतो आणि तळ आपला मेंदू स्वतः भरून काढतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात असू द्या.

तर झालं असं, की गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. म्हणाला, "ताई, माझा बास सोळा हजारांचा आहे. आवाज फुसका येतो आणि वाजवताना हात दुखतो. बँडमधला एकजण म्हणाला, पिकअप आणि ब्रिज बदल. बारा हजार होतायत, ईएमआयवर घेतोय. कोणते घेऊ?"

मी त्याला लगेच उत्तर पाठवलं, "थांब. रविवारपर्यंत काहीही ऑर्डर करू नकोस." आणि हा भाग रेकॉर्ड करायला बसले. कारण तो जे करायला निघालाय ते मी आधीच करून बसलेय. पूर्ण हिशोबासकट सांगते.

माझा पहिला बास 14,500 रुपयांचा. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे जमवले होते. पहिले दोन महिने नुसता आनंद. मग मी इंटरनेटवर व्हिडिओ बघायला लागले आणि आनंद संपला. प्रत्येक व्हिडिओत कुणीतरी स्वस्त बास घ्यायचा, त्याचे पार्ट बदलायचा आणि शेवटी म्हणायचा, बघा, आता कसा वाजतोय! मला वाटायला लागलं की माझा बास म्हणजे अर्धवट बांधलेलं घर आहे. खिडक्या-दारं अजून बसायचीच आहेत.

मग मी बसवत गेले. पिकअप 7,800. ब्रिज 5,200. ट्यूनर, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या, 4,600. बसवायची मजुरी 1,500. बेरीज करा: 19,100. बासच्या किमतीपेक्षा जास्त! एकूण 33,600 रुपये त्या एका लाकडात गेले. पुढे मी तो विकायला काढला तेव्हा सगळ्यात वरची बोली आली 9,000 ची. मंडळी, वापरलेल्या बाजारात गिऱ्हाईक नेकवरचं नाव वाचतं. आत काय बसवलंय याचे पैसे कुणी देत नाही.

विकला नाही मी तो. बरंच झालं, कारण नंतर मला एक प्रयोग सुचला. जुने पिकअप मी डब्यात जपून ठेवले होते. (हा पहिला सल्ला लिहून ठेवा: काढलेला एकही पार्ट फेकू नका.) मी तीन रेकॉर्डिंग केली. तीच धून, तोच ड्रम, तीच गिटार. पहिल्यात मूळ पिकअप आणि वर्षभर वापरलेल्या तारा. दुसऱ्यात मूळ पिकअप आणि नव्या तारा. तिसऱ्यात महागडे पिकअप आणि नव्या तारा. बँडमधल्या तिघांना काहीही न सांगता ऐकवलं.

जुन्या तारा तिघांनीही पहिल्या फटक्यात ओळखल्या. आणि उरलेल्या दोन रेकॉर्डिंगमध्ये? नुसते अंदाज. आमच्या ड्रमरने तर मूळ पिकअपलाच "हा महागडा" म्हणून छातीठोकपणे सांगितलं. आता तीन माणसं म्हणजे काही विज्ञान नव्हे, मला मान्य आहे. आणि बास एकटा ऐकला तर फरक होता, नाही असं नाही. नवे पिकअप जरा जोरात वाजत होते आणि मधले स्वर जास्त स्वच्छ होते. पण ड्रम आणि गिटारच्या गर्दीत तो फरक विरघळून गेला. 7,800 चा फरक विरघळला आणि तारांचा फरक, जो मला 1,800 ला पडला होता, तो ठसठशीत उरला.

मग खरा प्रश्न असा, की स्वस्त बासमध्ये स्वस्त नेमकं काय असतं?

यासाठी थोडं मागे जाऊ. 1951 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, लिओ फेंडर नावाच्या माणसाने प्रिसिजन बास बाजारात आणला. प्रिसिजन का, तर उभ्या मोठ्या डबल बासला फ्रेट नसतात, स्वर कानाने शोधावा लागतो. याला फ्रेट होते, त्यामुळे बोट ठेवलं की स्वर नेमका. पण त्या बासची दुसरी गंमत अशी की तो मुळातच कारखान्यात भराभर बनावा म्हणून आखलेला होता. लाकडाची सपाट फळी, तिला स्क्रूने घट्ट बसवलेला नेक, एक पिकअप, दोन नॉब. झालं. 1957 मध्ये त्याचा पिकअप दोन तुकड्यांचा झाला, 1960 मध्ये जॅझ बास आला. तारेची 34 इंच, म्हणजे साधारण 864 मिलिमीटर लांबी तेव्हाही होती आणि आज तुमच्या-माझ्या स्वस्त बासवर बहुतेक वेळा तीच असते.

म्हणजे ही वस्तू साधी आहे. आणि आज लाकूड कापायचं काम कॉम्प्युटरवर चालणारी मशीन करते. फळी कापताना मशीन तुमचा बास स्वस्त आहे म्हणून हात आखडता घेत नाही. मग पैसे वाचवतात कुठे? दोन ठिकाणी. एक, छोटे पार्ट: पॉट, जॅक, खुंट्या. आणि दुसरं, सगळ्यात मोठं: माणसाच्या हाताचा वेळ. फ्रेटच्या कडा घासून गुळगुळीत करणं, नटच्या खाचा बरोबर खोलीच्या कापणं, प्रत्येक बास हातात घेऊन तारांची उंची लावणं. या कामांना तासन् तास लागतात आणि कसबी माणूस लागतो. सोळा हजारांच्या बासमध्ये तो वेळ बसत नाही.

म्हणून आजच्या भागाचं सार एका वाक्यात सांगते: स्वस्त बासला बहुतेक वेळा नवे पार्ट लागत नाहीत, कारखान्यात न मिळालेला हाताचा वेळ लागतो. त्या वेळेला म्हणतात सेटअप. सेटअप म्हणजे मॉडिफिकेशन नव्हे. मॉडिफिकेशनमध्ये आहे ते काढून दुसरं बसवायचं. सेटअपमध्ये आहे तेच जागेवर आणायचं.

आता हा फरक मला कुणी शिकवला सांगते. आणि ही गोष्ट जरा मनाला लागलेली आहे.

माझा मावसभाऊ सांगलीला असतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. माझं बघून त्याने बारावीच्या सुट्टीत बास घेतला. स्वस्तातलाच. सुरुवातीला रोज फोन. मग आठवड्यातून एकदा. मग बासचा विषयच बंद. विचारलं तर म्हणायचा, "जाऊ दे ना ताई, माझी बोटंच नाजूक आहेत. पहिल्या फ्रेटवर जोर लावून मनगट भरून येतं. आणि एवढं करून बेसूर वाजतं." मी काय म्हणाले असेन? "सराव कर." चार वर्षं तो बास त्याच्या खोलीत कपाटावर पडून होता.

मागच्या दिवाळीत मावशीकडे गेले तेव्हा मी तो खाली काढला. धूळ पुसली, फोनवर ट्यूनर लावला, तारा सुरात आणल्या. ई तार बरोबर ई. मग पहिल्या फ्रेटवर दाबली, तिथे यायला हवा एफ. काटा सरळ पुढे! एफ चांगलाच चढलेला. पाचव्या फ्रेटवर दाबली तर स्वर जवळपास बरोबर. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. तोच प्रकार.

हे कशामुळे होतं? नटमुळे. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. खाच पुरेशी खोल कापलेली नसेल तर तार पहिल्या फ्रेटपासून फार उंच राहते. ती दाबायला जास्त जोर लागतो, आणि खाली दाबताना तार ताणली जाते म्हणून स्वर चढतो. म्हणजे बोट दुखणार आणि वर बेसूरही वाजणार. पोरगा अगदी खरं सांगत होता. फक्त दोष बोटांचा नव्हता.

मिरज सांगलीला चिकटूनच. सतार-तंबोऱ्यांसाठी मिरज पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे, 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही दोघं बास घेऊन तिथल्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. त्यांनी बास गिटार आधी कधी दुरुस्त केलेला नव्हता. तसं स्पष्ट सांगितलंही. पण हातात घेतला, तार दाबली, पट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, "ही वरची पट्टी कुणी घासलीच नाही. तंबोरा असाच पाठवला असता तर गिऱ्हाईक परत आलं असतं."

मग त्यांनी जवारीचं सांगितलं. तंबोऱ्याची घोडी कानसीने जरा जरा घासून, मधे दोरा सरकवून तो गुंजणारा आवाज काढतात, ती जवारी. तंबोरा बद्द वाजायला लागला तर कुणी भोपळा बदलत नाही, खुंट्या बदलत नाही. आधी जवारी बघतात. मला तिथेच बसल्या बसल्या माझे 19,100 रुपये डोळ्यांसमोर आले. मी भोपळा बदलून बसले होते, मंडळी!

त्यांनी बारीक कानसीने एकेक खाच घासली. दोन घास, तार बसवायची, बघायचं. पुन्हा दोन घास. तास-दीड तास गेला. तीनशे रुपये घेतले, तेही आम्ही आग्रह केला म्हणून.

आता कामाच्या गोष्टी. तुमचा बास समोर घ्या, नाहीतर हा भाग सेव्ह करून नंतर ऐका. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक गोष्ट हलली की पुढची हलते.

सगळ्यात आधी नव्या तारा. 45 ते 105 किंवा 45 ते 100 जाडीचा निकेलचा संच घ्या आणि नेहमीच्या सुरात लावा. आपल्याकडे, त्यातही मुंबई-कोकणाच्या दमट हवेत, घामाने आणि ओलाव्याने तारा लवकर मरतात. बास दुकानात वर्षभर टांगलेला असेल तर तुम्ही त्याचा खरा आवाज अजून ऐकलेलाच नाही.

दुसरं, नेकचा बाक. नेक अगदी सरळसोट नको, किंचित आत वाकलेला हवा, कारण तार थरथरते तेव्हा मधे तिला जागा लागते. तपासायचं कसं? ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा, शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने. आता तीच तार आपली सरळपट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण 0.3 मिलिमीटर फट हवी. म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. नीट मोजायचं असेल तर गॅरेजवाले वापरतात तो फीलर गेज आणा. फट जास्त असेल तर नेकमधला ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळायचा, फट नसेलच तर उलटा सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, पुन्हा मोजायचं. आणि पाना बरोबर मापाचा. सैल पान्याने आटे मारलेत तर तीनशे रुपयांचं काम काही हजारांवर जाईल. रॉड फिरतच नसेल तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या.

तिसरं, तारांची उंची. स्टीलची पट्टी घ्या आणि सतराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. फेंडरच्या सेटअपच्या आकड्यांत ई तारेला साधारण 2.4 मिलिमीटर आणि जी तारेला 2 मिलिमीटर असं सांगितलेलं असतं. माझ्या बासवर ई तार 4 मिलिमीटरवर होती, आणि मी त्या अवस्थेत नवा ब्रिज बसवला! ब्रिजवरच्या प्रत्येक सॅडलला बारीक स्क्रू असतात, अ‍ॅलन की लावून ते खाली-वर करायचे. तार खडखडायला लागली की थोडी परत वर. जोरात वाजवत असाल तर जरा उंच ठेवा, हे आकडे काही पाषाणावरची रेघ नाहीत.

चौथं, नट. मोकळी तार सुरात लावा, मग पहिला फ्रेट दाबून ट्यूनर बघा. स्वर ठळकपणे चढत असेल तर खाच उंच आहे. दुसरी खूण: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार बोटाने टिचकवा. कागदाएवढी हालचाल दिसायला हवी. खूप हलली तर नट उंच. अजिबातच हलली नाही तर खाच फार खोल, मोकळी तार खडखडणार. हे एवढं काम मात्र घरी पहिल्यांदाच करू नका. जास्त घासलं गेलं तर परत भरता येत नाही, नवा नट लागतो.

पाचवं, इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर बोट अलगद टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही स्वर सारखे हवेत. दाबलेला चढत असेल तर सॅडल मागे सरकवून तार लांब करा. उतरत असेल तर पुढे. दर वेळी पुन्हा सुरात लावा.

सहावं, आणि अगदी फुकट: पिकअपची उंची. माझ्या नाशिकच्या मित्रा, तुझ्या फुसक्या आवाजाचा इलाज बहुधा इथे आहे. शेवटच्या फ्रेटवर तार दाब आणि पिकअप तारेपासून किती खाली आहे ते बघ. साधारण 2 ते 3 मिलिमीटर ठेव. पिकअप खोल बसलेला असेल तर आवाज मरगळलेला येतो. फार वर आणलास तर चुंबक तारेला ओढतं आणि स्वर डगमगतो. एक स्क्रूड्रायव्हर, पाच मिनिटं.

आणि आवाज कशावर ऐकतोयस? फोनने रेकॉर्ड करून फोनवरच ऐकत असशील तर सुरुवातीचं आठव. फोन तळाचा आवाज देऊच शकत नाही. पिकअपला दोष देण्याआधी चांगले हेडफोन किंवा बासचाच अ‍ॅम्प लावून बघ. गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये बास लावून आवाज पूर्ण वाढवू नकोस, त्याचा स्पीकर फाटू शकतो.

बरं, मग बदल करायचेच नाहीत का? तसं मी म्हणत नाहीये. सेटअप करून दोन महिने वाजवल्यावर जी तक्रार उरेल, ती खरी तक्रार. तिचं नाव काढता आलं पाहिजे.

नॉब फिरवताना खरखर येते? आधी पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. नाही गेली तर पॉट बदला, 250 किलोओहमचे साधे पॉट काही शे रुपयांत मिळतात. केबल हलली की आवाज जातो? जॅक बदला. हे दोन्ही पैसावसूल बदल आहेत. सोल्डरिंग येत नसेल तर शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या काकांना विचारा.

सतत हुं हुं आवाज येतो? जॅझ बास असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. दोन्ही पिकअप एकमेकांचा हम खाऊन टाकतात आणि आवाज बराच शांत होतो. एकाच पिकअपवर वाजवायचं असेल तर आतल्या खोबणीत तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला जोडता येते. पण जरा सावध. तारांना हात असताना माईकला ओठ लागून झटका बसत असेल, तर ती गंमत नाही. तो बासचा दोष नाही, अर्थिंगचा आहे. मंडपात, जुन्या हॉलमध्ये हे होतं. तिथल्या तिथे वाजवणं थांबवा आणि अर्थिंग बघायला लावा. कुठलाही पिकअप तुम्हाला त्यापासून वाचवणार नाही.

खुंट्या? बेसूर होतोय म्हणून लोक आधी त्याच बदलतात. माझ्याही 4,600 रुपयांपैकी जवळपास सगळे वाया गेले, कारण माझ्या तारा खुंटीवर नीट गुंडाळलेल्याच नव्हत्या. दोन-तीन वेढे, एकाखाली एक, खाली उतरत. आधी ते करा. मग खुंटी खरंच घसरत असेल तर बदला.

आणि पिकअप सगळ्यात शेवटी. कधी? जेव्हा तुम्हाला हवा असलेला आवाज कानात पक्का असेल, आणि हा पिकअप तो का देत नाही ते सांगता येत असेल तेव्हा.

मोठ्या वादकांनी बदल केलेच ना, असं तुम्ही म्हणाल. केले. जॅको पास्टोरियसचा 1962 चा जॅझ बास फ्रेट काढलेला होता, त्याच्या फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर होता, कारण त्याला तो गाणारा, मिंडेसारखा सरकणारा स्वर हवा होता. बिली शीहनने प्रिसिजनमध्ये नेककडे आणखी एक पिकअप बसवला, कारण त्याला तळाचा खोल आवाज वेगळा काढून हवा होता. दोघांनाही काय हवं ते माहीत होतं.

उलट डेट्रॉइटमध्ये मोटाऊनच्या गाण्यांवर वाजवणारे जेम्स जेमरसन बघा. 1962 चा प्रिसिजन, त्यावर जाड गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, त्याही क्वचितच बदललेल्या, आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोम. लॉस एंजेलिसच्या कॅरोल के तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून पिकने वाजवायच्या. आता त्यांचे बास स्वस्तातले नव्हते, हे खरं. पण फोमचा तुकडा तर स्वस्त आहे! भांडी घासायचा नवा स्पंज कापा, ब्रिजजवळ तारांखाली सरकवा आणि वाजवा. लांबत जाणारा स्वर आखूड, गोल, ठोस होतो. माझ्या मते दहा रुपयांतला हा जगातला सर्वोत्तम मॉड आहे. नाही आवडला तर काढून टाका, भांडी घासा.

एक अपवाद सांगायलाच हवा. काही बास सेटअपनेही सुधारत नाहीत. नेक पिळवटलेला असेल, म्हणजे खुंट्यांकडून बघितल्यावर एक कड वर आणि एक खाली दिसत असेल, तर सोडून द्या. ट्रस रॉड पूर्ण आवळूनही बाक जात नसेल, फ्रेट जागोजागी उचललेले असतील, तर त्यात पैसे घालू नका. नवा असेल तर परत करा, मुदतीत करा. म्हणूनच घेताना प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

आता मावसभावाचं राहिलं. मिरजेहून परत आलो, मी उरलेला सेटअप केला आणि बास त्याच्या हातात दिला. त्याने पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं. ठेवलं, दाबलं नाही. एफ वाजला. स्वच्छ. तो माझ्याकडे बघून हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. बराच वेळ तोच एक स्वर वाजवत बसला. मग म्हणाला, "ताई, चार वर्षं मला वाटलं, मलाच जमत नाही."

मला काही बोलता आलं नाही. कारण "सराव कर" म्हणणारी मीच होते.

तो आता वाजवतो. रोज नाही, नोकरी आहे त्याला. पण बास कपाटावर नाही, स्टँडवर असतो. चार वर्षं मात्र गेली ती गेलीच.

म्हणून माझा राग पार्ट विकणाऱ्यांवर नाही. राग या गोष्टीचा आहे, की शिकाऱ्याचा हात दुखला की आपण दोनच गोष्टी सांगतो: सराव कर, नाहीतर खर्च कर. मधली गोष्ट कुणी सांगत नाही, की आण इकडे, बघू दे जरा.

तर नाशिकच्या मित्रा, तुझ्यासाठी या आठवड्याचा गृहपाठ. नव्या तारा. व्हिजिटिंग कार्ड. स्टीलची पट्टी. पहिल्या फ्रेटवर ट्यूनर. पिकअपची उंची. जे आकडे येतील ते मला पाठव. ईएमआयचं बटण तोपर्यंत दाबू नकोस. बारा हजारांतले हजार-दोन हजार खर्च करून उरलेल्या पैशात चांगले हेडफोन घे, किंवा वर्षभर शिकवणी लाव.

बाकीच्यांनीही आपापले आकडे कळवा. आणि तुमच्या ओळखीत कुणी असेल ज्याने बास किंवा गिटार "जमत नाही" म्हणून कपाटावर टाकलीय, तर त्याला हा भाग पाठवण्यापेक्षा त्याच्या घरी जा. ती खाली काढा. पहिला फ्रेट दाबून बघा.

भेटू पुढच्या रविवारी. तोवर तारा पुसून ठेवा. नमस्कार!